मदत हवी आहे : पुण्याच्या रविवार पेठेचे जुने कागद

सर्वांना सप्रेम नमस्कार.

आमच्या आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत घडीवर फाटत चाललेला एक मोडी कागद सापडला असून, एका जाणकारांनी त्यातील ‘पेठ मलकापूर’ एवढी अक्षरे लावून दिली आहेत. मलकापूर हे आजच्या रविवार पेठेचे जुने नाव, जसे शनिवार पेठेचे मुर्तजाबाद आणि सोमवार पेठेचे शहापूर. पेशवाईत या पेठांना वारांची नावे मिळाली. त्या काळची पेठ म्हणजे नुसता पत्ता नव्हे. नवी पेठ वसवताना शेटे-महाजन नेमले जात, व्यापारी आणि कारागीर आणून वसवणे, त्यांना जागा नेमून देणे आणि पेठेतील येणे वसूल करणे ही कामे त्यांच्याकडे असत, तर शहराचा बंदोबस्त कोतवालाकडे असे. (कोतवाल म्हटले की लोकांना घाशीरामच आठवतो, शेट्यांचे नावही कोणी काढत नाही!)

माझी अडचण अशी की, कागदावर साल असलेला कोपराच कसरीने खाल्ला आहे. वारांची नावे रूढ झाल्यावरही खाजगी खतांत (दस्तऐवजांत) जुनी नावे किती काळ लिहिली जात होती, आणि रविवार पेठेच्या शेट्यांचे कागद पाहायचे झाल्यास पुणे पुरालेखागारातील पेशवे दप्तराचे नेमके कोणते रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) मागावेत, हे अनुभवी अभ्यासकांनी कृपया सांगावे. मोडी वाचून देणारे कोणी असल्यास तेही कळवावे, योग्य तो मोबदला अवश्य देईन.