खर्रा सोडला तो असा

वर एकांनी लिहिलंय की पहाटे चारला उठून तासभर योग-ध्यान केल्याशिवाय तब्येत नि मन ताळ्यावर येत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत हे करून दाखवावं! माझं सांगतो.

दिवसाला चार पुड्या खर्रा (सुपारी, तंबाखू नि चुना घोटून करतात तो) होता. एकदम सोडायला गेलो, दोनदा हरलो. दुसऱ्यांदा तर पोळ्याच्या दिवशीच. मग फक्त जेवणानंतरची पुडी बंद केली आणि बंडीच्या खिशात भाजलेली जवस नि बडीशेप ठेवली. हात सवयीनं खिशात जातोच, त्याला काहीतरी सापडलं पाहिजे. बाकीच्या तीन सुटायला पाच महिने लागले. (नुसती सुपारी चालते म्हणणाऱ्यांनो, तंबाखू नसली तरी सुपारीनंही कर्करोग होतो.)

जेवून लगेच खाटेवर पडायचो, आता नाल्यापर्यंत जाऊन येतो. जेमतेम पंधरा मिनिटं. जेवणानंतर चाललं की स्नायू साखर वापरतात, ती रक्तात फार चढत नाही.

आणि संध्याकाळची तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना. म्हाताऱ्यांचं काम म्हणून मी कधी जात नसे. डोळे मिटले की अजूनही सोयाबीनचा भावच आठवतो, खोटं कशाला बोलू. पण एकदा दोन दिवस गेलो नाही, तर शेजारचे काका दारात उभे, "काऊन गा, बरं नाही का?" त्या रात्री झोप चांगली लागली.

मोबाईल मात्र अजून उशाशीच असतो. त्याचं कोणाला जमलं असेल तर सांगा.