मदत हवी आहे: ४०७ ची ऑइलची पट्टी मोडली, खालचा तुकडा आत राहिला

टोमॅटोवाला:
नमस्कार मंडळी. गाडी टाटा ४०७ टेम्पो, मॉडेल २००४, इंजिन ४९७. वडिलांनी सेकंडहँड घेतलेली. सीझनला नारायणगावहून टोमॅटो भरायचा, आळेफाट्यावरून माळशेज उतरून वाशीला खाली करायचा, एवढंच तिचं काम. काल पहाटे कॅरेट भरून झाले, निघायच्या आधी इंजिनात ऑइल किती आहे बघावं म्हणून पट्टी (डिपस्टिक) ओढली तर ती जरा अडकली, मी हिसका दिला (चूक माझीच, झोपेत होतो) आणि कडीसकट वीतभर तुकडा हातात आला, बाकीचा आतच. बॅटरी मारून नळीत बघितलं, काही दिसत नाही. माल शेजाऱ्याच्या पिकअपमधून दोन खेपा करून पाठवला.

गावातला मेस्त्री म्हणतो पडला असेल चेंबरात (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यात), पंपाच्या तोंडाला जाळी आहे ना, पडू दे, चालव बिनधास्त. दुकानदाराने एक पट्टी दिलीय, म्हणतो सगळ्या ४०७ ला हीच चालते, पण मोडक्या तुकड्याशेजारी धरली तर नळीच्या तोंडावर बसणारी टोपीच वेगळ्या जागी आहे. मोडलेलीही कंपनीची नव्हती, आधीच्या मालकाने कुठून तरी बसवलेली. आता मार्क खरा कुठला धरायचा? आणि खरंच तशीच चालवू का? पुढच्या महिन्यात पासिंगपण आहे.

घाटवाट:
भाऊ सायकलची तार वाकवून घाल आणि ऑइल बघ, आम्ही जुन्या गाडीला वर्षभर तेच केलं, काही झालं नाही.

जुना फिटर:
तारेचा सल्ला ऐकू नकोस रे बाबा. तार सटकली की आत एकाचे दोन तुकडे होतील.

आधी सांग, मोडल्यानंतर इंजिन चालू केलंस का? केलं नसशील तर आता सेल्फसुद्धा मारू नकोस. चेंबरच्या तळाला तुकडा आडवा पडला तर तुझा मेस्त्री म्हणतो तसं बरेचदा काही होत नाही, पण पट्टी म्हणजे स्प्रिंगसारखं पातळ पोलाद, ती उभी अडकली असेल तर क्रँक (पिस्टन फिरवतात तो इंजिनातला दांडा) फिरताना तिला ओढून घेतो, मग ती कुठं जाऊन बसेल सांगता येत नाही. आणि जाळी ऑइल पंपाला वाचवते, क्रँकला नाही. त्यात तुमचा माळशेजचा उतार, ऑइल पुढं धावणार, त्याच्याबरोबर तुकडाही.

पट्टीला चुंबक धरतं. बारीक चुंबक तारेला पक्का बांधून नळीतून सोडून बघ, तुकडा नळीतच असेल तर वर येईल. नाही आला तर चेंबर उतरव. पॅकिंग नवीन लागेल, एका दिवसाचं काम आहे. आणि एक कर, ऑइल काढशील ते कोऱ्या कॅनमध्ये धर आणि मोजून ठेव. का ते नंतर सांगतो.

टोमॅटोवाला:
काका इंजिन चालू केलेलं नाही, नशीब. ऑइल मोजायचं कशाला पण? परवाच बघितलं होतं, बरोबर फुल मार्कला होतं.

जुना फिटर:
तो मार्क कुणाचा? पट्टी कंपनीची नाही म्हणतोस ना. इंजिनच्या मागच्या, गिअरबॉक्सकडच्या सीलमधून ऑइल येतं का तुझ्या गाडीला?

टोमॅटोवाला:
येतं! दोन वर्षांत दोनदा सील बदललं. ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) पण ऑइल उडतं, सगळे म्हणतात इंजिन बॅक मारतंय, म्हणजे जळालेला गॅस खाली चेंबरात उतरतोय, पिस्टनच्या रिंगा गेल्या, काम काढावं लागणार. तुम्हाला कसं कळलं?

जुना फिटर:
मोज आधी.

टोमॅटोवाला (तीन दिवसांनी):
चुंबकाला काही लागलं नाही म्हणून चेंबर उतरवला. तुकडा जाळीच्या बाजूला पडलेला होता, जवळजवळ सरळ, शेंड्याला थोडा वाकलेला. वरच्या भागाला जोडून बघितला, टोक टोकाला बरोबर बसलं, म्हणजे आत आणखी काही राहिलेलं नाही. आणि काका, गाडीच्या बुकात फिल्टरसकट जेवढं लिहिलंय त्याच्यापेक्षा जवळपास दीड लिटर जास्त निघालं!! वडील म्हणाले चुकून जास्त ओतलं असेल, पण आम्ही कायम त्या पट्टीवरच भरतोय.

जुना फिटर:
तेच वाटत होतं. पट्टीची एकूण लांबी बघायचीच नसते, टोपीपासून मार्कपर्यंतचं अंतर बघायचं. ते अंतर कमी असलं की मार्क वर येतो आणि माणूस भरतच राहतो. ऑइल क्रँकला लागलं की त्याचा फेस होतो, फेसाला दाब धरवत नाही, आणि ब्रीदर आणि सील जिथून जागा मिळेल तिथून ते बाहेर येतं.

आता नवीन पट्टी असू दे, तिचे छापलेले मार्क विसर. फिल्टर नवा टाक, बुकातल्या कमीत कमी मापाएवढं ऑइल मोजून भर, इंजिन दोन मिनिटं चालव म्हणजे फिल्टर भरेल, बंद करून दहा मिनिटं थांब. गाडी सपाट जागेवर हवी, तुमच्या खळ्यावर लावू नकोस. पट्टी पुसून टोपी पूर्ण बसेपर्यंत घाल, काढ, जिथं ऑइल लागलं तो खालचा मार्क. मग उरलेलं माप भरून तसाच वरचा मार्क. खूण पंचने ठिपका मारून कर. कानशीने खाच पाडलीस तर पुढच्या वेळी तिथूनच मोडेल.

घाटवाट:
ही माहिती भारी आहे, मी आमच्या गाडीचं पण मोजतो. तारेचं मागे घेतो 😄

टोमॅटोवाला:
केलं. नवीन पट्टीचा छापलेला फुल मार्क आणि आमचा ठिपका यात करंगळीएवढं अंतर आलं, म्हणजे ही पण चुकीचीच होती. पट्टी आता अडकत नाही, नळीचं तोंड आत दबलेलं होतं ते हलक्या हाताने गोल केलं.

शेवटचं विचारतो, तिसरं सील आणून ठेवलंय. गिअरबॉक्स उतरवून आत्ताच टाकू का?

जुना फिटर:
थांब. ब्रीदर रॉकेलने साफ कर, वाशीच्या दोन खेपा मार, रात्री गिअरबॉक्सच्या तोंडाखाली पुठ्ठा टाकून ठेव. सकाळी पुठ्ठा कोरडा राहायला लागला तर सील दुकानदाराला परत दे. रोज ठिपके दिसत राहिले तर मग उतरव, आणि क्लच प्लेटपण तेव्हाच बघून घे, इतक्या दिवसांचं ऑइल तिच्यावर गेलेलं असणार.