ईलला वाम म्हणावं का? आणि 'बिनपराचा' म्हणजे नेमका कसा?

खारंपाणी:
घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधे खडकाच्या भोकात सापासारखं काहीतरी राहतंय. मी आणलेलं नाही, खडकाबरोबरच आलं असणार. दिवसा पत्ता नसतो, दिवे घालवले की डोकं बाहेर काढून आ वासून बसतं. नाकपुड्या पिवळ्या, अंग पांढरट आणि त्यावर वेड्यावाकड्या कडांचे काळे डाग. ओळख पटवायला एक इंग्रजी तक्ता मराठीत करतेय, घरात सगळ्यांना वाचता यावा म्हणून. त्यात मोरे ईलपुढे (ईल म्हणजे सापासारखा लांब मासा, मोरे हा त्यातला एक प्रकार) मी 'बिनपराचा' असं लिहिलं. काल स्वारी पहिल्यांदाच अर्धी बाहेर आली तर पाठीवर ही लांब झालर! मग मोरे बाद. मुलगा म्हणतो मोरेच आहे. माझा शब्द चुकलाय का मासा वेगळाय? आणि ईलला सरळ वाम लिहिलं तर चालेल ना? आमची आजी वामच म्हणायची.

पाणकोळी:
शब्द चुकलाय. मोरेला कल्ल्यामागचे दोन पर नसतात, पोटाखालचेही नसतात. पण पाठीचा, शेपटीचा आणि खालचा मिळून एक सलग पट्टी असते, तीच तुमची झालर. तिथे 'अंसपक्ष नसलेला' लिहा. वर्णनावरून स्नोफ्लेक मोरे वाटतोय, शास्त्रीय नाव एकिडना नेब्युलोसा.

बोलीभाषा:
अहो घरातल्यांना वाचता यावा म्हणून तक्ता करतायत त्या, आणि तुम्ही अंसपक्ष देताय? 'कल्ल्यामागे पर नाहीत' एवढं पुरे. पक्ष म्हटलं की आधी राजकीय पक्ष आठवतो.

पाणकोळी:
पर तरी कुठे आपला, फारसीतून आलाय, मूळ अर्थ पीस. शास्त्रात नेमका शब्द नसला की काय होतं ते वरच दिसतंय, 'बिनपराचा' वाचून चांगला ओळखलेला मासा बाद झाला.

बोलीभाषा:
तो घोळ पर या शब्दाचा नाही, कुठले पर ते न सांगितल्याचा आहे. 'बिनपक्षाचा' लिहिलं असतं तरी हेच झालं असतं.

नदीकाठ:
वामबद्दल थांबा जरा. आमच्याकडे नदीत मिळते ती वाम. लहानपणी मामांनी गळाला लागलेली माझ्या हातात दिली, मी शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवला आणि तळवा सोलून निघाला, कारण पाठीवर करवतीसारखी बारीक काट्यांची रांग. अजून आठवलं की हात झटकला जातो. ती आणि ही टँकमधली, दोघींना एकच नाव कसं देणार?

पाणकोळी:
बरोबर, आणि ती काटेवाली खरी ईल नाहीच, नुसती अंगानं तशी. किनाऱ्यावर वाम म्हणतात ती निराळी, लांब तोंडाची, दातांची, आणि तिला कल्ल्यामागचे पर असतात. म्हणजे खारंपाणीताई, तक्त्यात मोरेला वाम लिहिलंत तर ज्या खुणेवरून मोरे ओळखायचा त्याच खुणेला नाव विरोधात जाईल.

खारंपाणी:
पण आजी तर समुद्रातल्या सगळ्याच सापासारख्या माशांना वाम म्हणायची.

बोलीभाषा:
म्हणू देत की! लोक वापरतात तोच अर्थ. मोरे वाम, साप वाम, पट्टे वाम अशी पोटनावं करा. नुसतं 'मोरे' वाचलं तर आडनाव वाटतं.

रानपाखरू:
मोरे हे मोरावरून आलं असेल का? अंगावर ठिपके असतात म्हणून?

पाणकोळी:
नाही हो. पोर्तुगीज मोरेया, त्याआधी लॅटिन मुरीना, त्याआधी ग्रीक. एकिडनासुद्धा ग्रीकच, अर्थ विषारी नागीण. पण या माशाचे दात बोथट, खेकडे-कोळंबी फोडायला असतात तसे. ताई, तो आ वासून बसतो ते अंगावर यायला नाही, तोंड उघडमीट करून कल्ल्यांवरून पाणी फिरवतो. तरी बोट जवळ नेऊ नका.

नदीकाठ:
अहीर पण ईललाच म्हणतात ना? मला तो शब्द अहि म्हणजे साप यावरून आलेला वाटतो.

पाणकोळी:
अहीर म्हणजे गोड्या पाण्यातली खरी ईल. अहि पटण्यासारखं आहे, लॅटिनमधेही अँग्विला हा सापाच्या शब्दावरूनच आलाय.

खारंपाणी:
म्हणजे माझा स्नोफ्लेक मोरे, बरं वाटलं. आता एकच, तो ईल का ती ईल? मी वर 'बिनपराचा' लिहिलंय, आणि मुलगाही तो म्हणतो.

नदीकाठ:
ती. वाम ती, म्हणून ईल ती.

बोलीभाषा:
मासा तो, म्हणून ईल तो. आमच्या घरी सगळे तोच म्हणतात.

पाणकोळी:
रिबन ईलचं काय करणार मग? लहानपणी काळा, मोठा झाला की निळा नर, आणि पुढे पिवळी मादी.

नदीकाठ:
त्याचं लिंग बदलतं, शब्दाचं कशाला बदलायचं? ती ईलच.

बोलीभाषा:
तो.