पीएलसी बदलल्यापासून सर्व्हो ऑन लागत नाही, ड्राइव्हचं इनपुट गेलंय का हे कसं तपासू?

नमस्कार मंडळी, तातडीने मदत हवी आहे. भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात मी मेंटेनन्स बघतो. ड्रिलिंगच्या एसपीएमवर (एकाच कामासाठी बनवलेल्या खास मशीनवर) टेबल सरकवायला 750 वॅटचा सर्व्हो आहे. जुना पीएलसी (मशीनचा कंट्रोलर) जळाला म्हणून नवीन बसवला. आता ड्राइव्हवर (सर्व्हो मोटर चालवणाऱ्या युनिटवर) अलार्म नाही, पण मोटर लॉकच होत नाही.

पीएलसीच्या आउटपुटचा दिवा लागतो. सर्व्हो ऑनच्या (मोटर लॉक करून तयार ठेवणाऱ्या सिग्नलच्या) टर्मिनलवर मीटर 24 व्होल्ट दाखवतो (काळी प्रोब 0 व्होल्टवर). तरी ड्राइव्हच्या इनपुट मॉनिटरमध्ये तो बिट 0 च. अलार्म रिसेटचंही तसंच. लिमिट स्विच दाबले की त्यांचे बिट मात्र बरोबर बदलतात! आणि सर्व्हो ऑनची वायर काढली तरी त्या टर्मिनलवर 23-24 व्होल्ट दिसतातच.

कार्ड गेलं, ड्राइव्ह बदला, असा सल्ला मिळालाय. मालकांना एवढा खर्च सांगण्याआधी मला खात्री हवी आहे. टर्मिनलला थेट 24 व्होल्ट देऊन बघू का?

प्रतिसाद १
थांबा, थेट काही देऊ नका. इनपुटचा कॉम (सगळ्या इनपुटचं सामाईक टर्मिनल) कुठे जोडलाय? आणि दोन्ही पीएलसी एनपीएन (आउटपुट लागलं की 0 व्होल्टला जोडणारा) की पीएनपी (24 व्होल्ट देणारा)?

धागाकर्ता
कॉम +24 ला. जुना एनपीएन होता, नव्यावर पीएनपी लिहिलंय. लिमिट स्विचचं एक टोक 0 व्होल्टला आहे.

प्रतिसाद २
मग ड्राइव्ह बहुतेक ठणठणीत आहे. आत ऑप्टोकपलर (प्रकाशाने सिग्नल पुढे देणारा भाग) असतो आणि तो कॉम व इनपुट यांच्यामधून करंट वाहिला तरच लागतो. तुमच्याकडे कॉमवर 24 आणि पीएनपी आउटपुटही 24 च देतंय, मग करंट वाहणार कुठून? लिमिट स्विच 0 व्होल्ट देतात म्हणून ते चालतात. वायर काढल्यावर दिसणारे 24 कॉमवरूनच आतून येतात, म्हणून 0 व्होल्ट धरून मोजू नका. एक प्रोब कॉमवर, दुसरी इनपुटवर ठेवा. इनपुट लागलं असेल तर 24 च्या आसपास, नाहीतर जवळपास शून्य.

आता चाचणी. टेबल मधोमध आणा, पल्स (मोटर किती फिरवायची ते सांगणारे सिग्नल) बंद ठेवा, इमर्जन्सीजवळ माणूस उभा करा. पीएलसीची वायर काढून सर्व्हो ऑनचं टर्मिनल 0 व्होल्टला टेकवा. बिट 1 झाला की इनपुट शाबूत. टर्मिनल नंबर मॅन्युअलमध्ये दोनदा बघा, कारण पल्सचे टर्मिनल बऱ्याच ड्राइव्हवर 5 व्होल्टचे असतात. तिथे चुकून 24 लागले तर मात्र खरंच नुकसान होईल.

धागाकर्ता
बिट 1 झाला, शाफ्टही लॉक झाला! मनापासून आभार दादा. आता कॉम 0 व्होल्टला न्यावा का? होमचा प्रॉक्सिमिटी सेन्सर एनपीएन आहे.

प्रतिसाद २
मग कॉम हलवू नका, नाहीतर सेन्सर आणि लिमिट दोन्ही बंद पडतील. सर्व्हो ऑन आणि रिसेटसाठी 24 व्होल्टचे दोन छोटे रिले टाका. कॉइल पीएलसीवर, एनओ (एरवी उघडा असणारा) कॉन्टॅक्ट 0 व्होल्ट आणि इनपुट यांच्यामध्ये. पल्स मात्र रिलेमधून जाणार नाही. त्या टर्मिनलची वायरिंग पीएनपीला चालते का ते मॅन्युअलमध्ये बघा आणि आकृतीचा फोटो इथे टाका, मग पुढचं सांगतो.