देवानं माफ केलं, मग आईच्या भिशीचं काय?

हळदीचं पोतं (मिरज):
आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, ग्रुपवर परवा एका बंधूंनी टाकलं, "ज्याला प्रभूनं क्षमा केली, त्याच्याकडं हिशोब मागणारे तुम्ही कोण?" खाली चाळीस जणांचे हात जोडलेले. तिथं उत्तर दिलं तर पाळकसाहेबांचा फोन येतो, म्हणून इथं लिहितोय.

बावीस जणांची भिशी, महिना पाच हजार. शेवटचे पाच नंबर राहिले आणि चालवणाऱ्याचा फोन बंद. त्या पाचांत माझी आई. दोन वर्षांनी हे गृहस्थ उपासनेत, प्रभूनं आपल्याला कसं बदललं याची साक्ष द्यायला उभे राहिले, ढसाढसा रडले. आई तिसऱ्या बाकावर होती, तिच्याकडं नजर वळली नाही. बाहेर चहाच्या वेळी गाठलं तर म्हणाले, "तो जुना मनुष्य मेला, दादा." मेला असेल. पण वारसाला कर्ज लागतं की नाही?

बायबलमधला जकातदार जक्कय आठवा. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट. आकडा तोंडातून बाहेर पडला, त्यानंतर येशू म्हणाला की आज या घराला तारण मिळालं. मी चौपट मागत नाही. भरलेल्या सतरा हप्त्यांचे पंच्याऐंशी हजार मुद्दल द्या, व्याज वधस्तंभाजवळ ठेवतो.

कृष्णाकाठ (सांगली):
तो बंधू मीच. सलाम. जक्कयाची गोष्ट अर्धीच सांगितलीत. तो झाडावर होता तेव्हाच येशू म्हणाला, उतर खाली, आज तुझ्या घरी मुक्काम. तेव्हा कुठं पैशाची बात होती? आधी कृपा, मग पैसे. येशूच्या दाखल्यात घरी परतलेल्या उधळ्या पुत्राच्या बापानं पावत्या मागितल्या होत्या का? येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराला माफी मिळाली, त्यानं कुणाला काय परत केलं? आणि रोज प्रार्थनेत "ऋणे सोड" म्हणता, ते नुसतं पाठ म्हणून का?

हळदीचं पोतं:
उधळ्या पुत्रानं स्वतःचा वाटा उडवला, शेजाऱ्यांची भिशी नाही. आणि त्या चोराचे हात खिळलेले होते. तुमच्या माणसाचे मोकळे आहेत, बोलेरोच्या स्टिअरिंगवर असतात.

ट्रॅक्टरवाला (कराड):
मी तुमच्यातला नाही, पण ऋण शब्द दिसला म्हणून थांबलो. गेल्या दसऱ्याला ऊसतोडीची टोळी आणतो म्हणून मुकादमानं बारा लाख उचल, म्हणजे आगाऊ पैसे, नेली. टोळी आलीच नाही. दोन ट्रॅक्टर दारात उभे, हप्ते सुरू. तुमच्यात बरं आहे राव, रविवारी रडलं की सोमवारी मोकळं.

टेबललँड (पाचगणी):
सगळ्यांना एका दावणीला बांधू नका. आम्ही कॅथलिक. पापनिवेदनात नुसतं रडून सुटत नाही. चोरलेलं परत करायची तयारीच नसेल तर तो पश्चात्तापच धरत नाहीत. वर फादर प्रायश्चित्त देतात ते वेगळं. हे थेट देवाशी हिशोब मिटवणं तुमच्या प्रोटेस्टंट बाजूचं.

कृष्णाकाठ:
वा. मग आमचा मार्टिन ल्यूथर १५१७ ला तुमच्या चर्चवर कशावरून भडकला? पापाची शिक्षा माफ करायच्या चिठ्ठ्या कोण विकत होतं?

टेबललँड:
त्याच्या ९५ मुद्द्यांतला पहिला वाचलाय का? विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्य पश्चात्तापाचं असावं. सगळं आयुष्य. एक रविवार नाही.

कोयता (जत):
ट्रॅक्टरवाले दादा, उचलीची दुसरी बाजूपण ऐका. माझे आईबाप एक कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवराबायकोची जोडी. उचल घ्यायची, फडात फेडायची, हंगाम संपला तरी थोडी बाकी राहिलेलीच, म्हणजे पुढच्या साली परत तिथंच. मुकादम पळाला की मालक येऊन मजुराच्या दारात बसतो. ज्यानं पैसा बघितलाच नाही, त्यानं फेडायचा. हे ऋण कुणी सोडायचं?

ट्रॅक्टरवाला:
म्हणजे मी सावकार झालो? माझी बारा एकर गहाण आहे!

कोयता:
आमच्याकडं गहाण ठेवायलापण काही नव्हतं. मला शाळेतून काढून फडावर नेलं.

ट्रॅक्टरवाला:
त्याला मी काय करू? मुकादमाला धरा की.

कोयता:
तुम्हीच धरा. त्याचा नंबर तुमच्याकडं आहे, आमच्याकडं नसतो.

हळदीचं पोतं:
अहो, धागा माझ्या आईच्या भिशीचा आहे.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा):
भिशीचं राहू दे बाजूला. माझ्या बहिणीला नवरा मारायचा. ती माहेरी आली तर मंडळीतले वडीलधारे घरी आले, "सत्तर वेळा सात क्षमा कर" म्हणाले, सगळ्यांनी प्रार्थना केली, तिला परत पाठवली. तिसऱ्या महिन्यात कानाचा पडदा फाटला. तेव्हा कुणी मोजायला आलं नाही, हे कितवं चाललंय म्हणून.

ते उत्तर येशूनं ज्याला दिलं, त्या शिष्य पेत्रानं काय विचारलं होतं बघा. *माझा* अपराध केला तर *मी* किती वेळा क्षमा करू? स्वतःपुरतं विचारलं. दुसरीच्या वतीनं क्षमा वाटत फिरायचा विषयच नव्हता. कृष्णाकाठ, तुमचे किती पैसे बुडाले त्या भिशीत?

कृष्णाकाठ:
ताई, तुमच्या बहिणीचं वाईट झालं, त्याला मी क्षमा म्हणतच नाही. पण ग्लॅडिस स्टेन्स आठवा. १९९९ साली ओडिशात नवरा आणि दोन लहान मुलं गाडीत जाळली. बाईंनी मारेकऱ्यांना माफ केलं आणि कुष्ठरोग्यांची सेवा चालू ठेवली. त्यापुढं पंच्याऐंशी हजार म्हणजे काय?

अजिंक्यताऱ्याखाली:
बाईंनी स्वतः केली, कुणी ग्रुपवर टाकून करायला लावली नाही. आणि त्या खुनातल्या मुख्य आरोपीची, दारासिंगची, जन्मठेप २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं कायम ठेवली. क्षमेनं तुरुंगाचं दार उघडलं नाही. प्रश्नाचं उत्तर द्या. किती बुडाले?

कृष्णाकाठ:
माझे नाही बुडाले. माझा नंबर चौथा होता, मला मिळाले.

हळदीचं पोतं:
हे आधी सांगायचं होतं!! चौथ्या नंबरला पैसे उचलून बाविसाव्या नंबरला क्षमा शिकवताय?

कृष्णाकाठ:
ओरडू नका. मी नंतरचे सगळे हप्ते भरलेत, वहीत बघा. आणि तो माणूस साक्षीच्या आदल्या रात्री माझ्याकडं आला होता. विष घ्यायच्या गोष्टी करत होता. मी पाच तास बसलो त्याच्याजवळ. तुम्ही चहाच्या वेळी दोन मिनिटं गाठलंत. म्हणून लिहिलं ते. त्याचं रडणं खोटं नव्हतं.

हळदीचं पोतं:
खोटं होतं असं मी कुठं म्हटलं? आईकडं बघितलं नाही म्हटलं.

टेबललँड:
वेदीपाशी अर्पण तसंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, असं लिहिलंय. पाच तासांत तेवढं सांगायचं राहिलं वाटतं.

कृष्णाकाठ:
सांगितलं नाही, खरं आहे. जगतोय एवढंच तेव्हा बास वाटलं. बरं, या रविवारी मी त्याला आईंच्या घरी घेऊन येतो. तो महिन्याला तीन हजारांच्या वर देऊ शकत नाही, हे आत्ताच सांगतो. नंतर परत धागा काढू नका.

हळदीचं पोतं:
एकोणतीस महिने. आई एकाहत्तरची आहे. या. चहा मिळेल, हालेलूया मिळणार नाही.

ट्रॅक्टरवाला:
कोयता भाऊ, मेसेज टाकलाय, बघा. मुकादमाचं गाव तुमच्या ओळखीचं निघेल असं वाटतंय. मजुराच्या दारात बसणार नाही, शब्द.

कोयता:
आधी नाव सांगा, मग शब्दाचं बघू.