आफ्रिकेला जुनं सामान पाठवावं का? (बडोदा)

दांडियाबाजारकर:
आमच्या भागात एक छोटी संस्था आहे. वर्षातून एक कंटेनर भरून मुंद्र्याहून मोंबासाला पाठवते, केनियातल्या डोंगराळ भागातल्या दोन गावांसाठी. गेल्या रविवारी त्यांच्या गोडाऊनमध्ये सामान निवडायला गेलो होतो. हेतूबद्दल शंका नाही, पण पोत्यांतून काय निघावं? जरीची शेरवानी, गुजराती माध्यमाची दहावीची गाईडं, डाव्या पायाची एकच चप्पल (उजवी शेवटपर्यंत सापडली नाही), आणि वर पोतंभर स्वेटर. आफ्रिकेत स्वेटर! बोहारणीने ज्यावर चमचासुद्धा दिला नसता ते समुद्रापार धाडायचं आणि पुण्य गाठीला बांधायचं. माझ्या मते कपडे पाठवणं बंदच करावं.

सुरसागर_६२:
चार वर्षं त्याच गोडाऊनमध्ये जातेय. तुम्ही आलात तो निवडीचा दिवस, आणि बघत बसलात टाकायची रास. जातं ते वेगळंच. मागच्या खेपेला पायाची सहा शिलाई मशिनं गेली. तेलपाणी करून, प्रत्येकीबरोबर दोन जादा पट्टे, बॉबिन केस आणि सुयांची पुडी. आमच्या एका काकांनी प्रत्येक मशिनवर फडक्याचा तुकडा शिवून पाहिला आणि तो तसाच दाबाखाली राहू दिला, उघडणाऱ्याला टाका दिसावा म्हणून.

आकडेमोड:
मशिनं ठीक. कपड्यांचं काय? केनियात जुन्या कपड्यांना मितुम्बा म्हणतात, मूळ अर्थ गाठोडी. गावोगावच्या बाजारात ढीग असतात. रवांडाने २०१६ मध्ये जुन्या कपड्यांवरची जकात किलोला २० सेंटवरून थेट अडीच डॉलर केली, स्थानिक शिवणकाम जगावं म्हणून. अमेरिकेने २०१८ मध्ये रवांडाच्या कपड्यांची करसवलत थांबवून त्याचा वचपा काढला. आणि लांब कशाला जाता? आपल्या कांडल्याच्या एसईझेडमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) विलायतेचे जुने कपडे निवडून गाठी बांधतात, त्यातल्या कितीतरी आफ्रिकेलाच जातात. भरल्या ताटात आणखी काय वाढता?

सुरसागर_६२:
त्या गाठी विकायला जातात, भाऊ. गठ्ठा घेणारी बाई पैसे मोजते. ज्या घरात मोजायला पैसे नाहीत तिथे बाजार भरलेला असून उपयोग काय?

फक्त_वाचक:
मग रोख द्या ना. केनियात २००७ पासून एम-पेसा आहे, साध्या फोनवर पैसे पोचतात. कंटेनरचं भाडं, फवारणीचा दाखला, बंदरावरचा खोळंबा, सगळं वाचेल. ज्याला जे हवं ते तो घेईल.

हिशेबनीस:
बोलायला सोपं आहे. धर्मादाय ट्रस्टने भारताबाहेर केलेल्या खर्चाला आयकराची सवलत आपोआप मिळत नाही, प्रत्यक्ष कर मंडळाची परवानगी लागते. सामानालाही ते चुकत नाही, पण सामान देणारा पावती मागत नाही आणि रोख देणारा पहिल्यांदा पावतीच मागतो. छोट्या संस्था पोत्यांवर का अडकतात ते यावरून कळेल.

मांडवीचा_केमिस्ट:
कपडे एकवेळ परवडले. आमच्याकडे एकदा एकजण औषधांची पिशवी घेऊन आला, ‘आफ्रिकेला पाठवा’ म्हणत. अर्धवट पत्ते, मुदत संपायला दोन महिने, नावं गुजराती अक्षरात बॉलपेनने लिहिलेली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्येच सांगितलंय, पोचताना साधारण एक वर्ष तरी मुदत शिल्लक हवी आणि लेबल तिथल्या लोकांना वाचता यायला हवं. विजेच्या उपकरणांचंही तेच. केनियातला प्लग चौकोनी तीन पिनांचा, आपला गोल.

दांडियाबाजारकर:
हेच तर म्हणतोय! मागितलंय कोणी?

सुरसागर_६२:
मागितलंय. तिथल्या शाळेच्या बाईंची यादी व्हॉट्सअपवर येते, या वेळची जशीच्या तशी देते: चौकटीच्या वह्या, मशिनचे पट्टे, चादरी, आणि लहान मुलांचे स्वेटर, गडद निळे असल्यास उत्तम. गाव दोन हजार मीटरहून उंचावर आहे आणि जुलै तिथला थंडीचा महिना. शाळेच्या गणवेशातच स्वेटर असतो. आपल्याला आफ्रिका म्हटलं की फक्त ऊन दिसतं.

आकडेमोड:
स्वेटर नैरोबीतही मिळतात. यादी असली म्हणजे इथूनच पाठवलं पाहिजे असं ठरत नाही.

दांडियाबाजारकर:
आकडेमोड यांच्याशी सहमत. पण ते स्वेटरचं पोतं भंगाराच्या बाजूला मीच ढकललं होतं. गोडाऊन किती वाजता उघडतं?

सुरसागर_६२:
साडेचारला. शेरवानी अजून तिथेच पडलीय, येताय तर घेऊन जा.