वडिलांची रिक्षा, परवाना आणि माझा बॅज: नक्की ठरवतं कोण? (सोलापूर)

पूर्वभागातला

नमस्कार मंडळी. वडील दिवाळीच्या तोंडावर वारले, आता दोन महिने होत आले. त्यांची रिक्षा दारात उभी आहे. आरसी बुक त्यांच्या नावावर, परवाना त्यांच्याच नावावर, आणि पासिंग (गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचा दाखला) मागच्या महिन्यात संपलं. माझ्याकडे लायसन्स आहे, बॅज (प्रवासी गाडी चालवायचा आरटीओचा बिल्ला) नाही.

बॅजसाठी चारित्र्य पडताळणीचा अर्ज टाकला तर रिपोर्टात जुनी केस निघाली. काही वर्षांपूर्वी गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, पाळण्याच्या रांगेत धक्काबुक्की झाली होती. समोरच्यानं तक्रार दिली, ३२३ (मारहाण) आणि ५०४ (शिवीगाळ) लागलं. पुढं लोकअदालतीत मिटलं, दोघांच्या सह्या झाल्या, बाहेर येऊन चहा पण पिलो. तरी पोलिसांच्या कागदावर ती केस तशीच दिसूलालीय.

एजंट म्हणतो, केस आहे म्हणजे बॅज नाही, बॅज नाही म्हणजे परवाना गेला, परवाना गेला म्हणजे गाडी भंगारात. माजी नगरसेवकाचं पत्र आण म्हणतो, महापालिकेत ओळख लावतो, वरचे पैसे वेगळे. आई विड्या वळते, तेवढ्यावर घर चालूलालंय. दोन गोष्टी सांगा. तोवर रात्रीच्या दोन-चार फेऱ्या मारल्या तर चालतंय का? आणि मी रिक्षा चालवायला लायक आहे की नाही, हे ठरवणारा माणूस कोण?

नवीपेठ_स्टँड

पत्र लागतंय भावा. आमच्या स्टँडच्या वेळी आम्ही पण नेलं होतं कॉर्पोरेशनला.

जुना_बॅजवाला

वरच्या भावाचं खोटं नाही, पण ते स्टँडचं. रस्ता महापालिकेचा, म्हणून स्टँडच्या जागेत तिचा आणि ट्रॅफिक पोलिसांचा संबंध येतो. परवाना आणि बॅज यात महापालिकेचा काडीचा संबंध नाही. ते पत्र घेऊन तू आरटीओच्या खिडकीवर गेलास तर लोक तुझ्याकडं बघत बसतील.

पोरा, आधी रिक्षाची किल्ली आईकडं दे. रात्रीच्या फेऱ्या विसर. पासिंग संपलेली गाडी कायद्यानं नोंदणी नसलेल्या गाडीसारखी धरतात. मोटार वाहन कायदा, कलम ५६. पहिल्याच खेपेला दंड दोन हजारांपासून पाच हजारांपर्यंत. दंडाचं एक वेळ सोड. आसरा चौकात कुणाच्या पायावरून चाक गेलं तर विमा कंपनी आधी पासिंग, परवाना आणि बॅज मागणार, आणि दिलेले पैसे तुमच्याकडून वसूल करायला बघणार. मग रिक्षा नाही, घर विकावं लागतंय.

आता तुझा एजंट. त्यानं तुझी तीन कामं एका दोरीत बांधलीत. गाडीचं वेगळं, परवान्याचं वेगळं, तुझं स्वतःचं वेगळं. एका दोरीत बांधली की एक अडलं तरी तिन्हीचे पैसे मागता येतात. ती दोरी सोड.

परवान्याला घाई आहे, म्हणून तो पहिला. कलम ८२ वाचून घे. परवानाधारक वारला तर गाडीचा ताबा ज्याच्याकडं आला त्यानं ३० दिवसांत कळवायचं, मग तीन महिने तोच परवाना वापरता येतो. ते ३० दिवस तुझे गेले, म्हणून वापरायचा हक्क आता सांगू नकोस. पण परवाना नावावर करून घ्यायच्या अर्जाला मृत्यूपासून तीन महिने असतात, ते अजून हातात आहेत. उशीर झाला आणि कारण पटलं तरी अर्ज घेता येतो, पण त्या भरवशावर राहू नकोस. आणि एक बघ, कलमात कुठंही 'मुलगा' लिहिलेलं नाही. ताबा आलेली व्यक्ती, एवढंच आहे. आईच्या नावानं अर्ज कर. आईवर कुठली केस आहे? तुझा बॅज अडला तरी परवाना अडत नाही, समजलं का? बहीण असेल तर तिचं संमतीपत्र घे. आरसी बुकचं नाव बदलायला फॉर्म ३१, तो पण सोबतच दे.

हा परवाना देणारं प्रादेशिक परिवहन प्राधिकरण असतं. अध्यक्ष जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त सदस्य, आरटीओ सचिव. त्यांनी नवा परवाना नाकारला तर कारणं लेखी द्यावी लागतात आणि म्हणणं ऐकावं लागतं, कलम ८०. नावावर करायचा अर्ज अडवला तरी तू तेच माग, कारण लेखी द्या. 'साहेब नाही म्हणाले' असं एजंटच्या तोंडून ऐकलेलं नाकारणं धरू नकोस.

पासिंगला एजंटची गरज नाही, गॅरेजवाल्याची आहे. गाडी आठ वर्षांच्या आतली असेल तर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. हायकोर्टाच्या आदेशानंतर ब्रेक २५० मीटरच्या ट्रॅकवर बघतात, जागेवर पायडल दाबून दाखवायचे दिवस गेले. गाडी नेण्याआधी सांगाड्यावर कोरलेला चेसिस नंबर कागदावर काढून ठेव. तिथं ग्रीस आणि धूळ बसून दगड झालेला असतो. रॉकेलच्या बोळ्यानं पुसायचं, पातळ कागदाची पट्टी धरायची आणि शिसपेन्सिल आडवी करून हलक्या हातानं घासायची, आकडे पांढरे उमटतात. एखादा आकडा बुजलेला निघाला तर ते घरी कळलेलं बरं. मागची रिफ्लेक्टर पट्टी नवी लाव, दोन्ही इंडिकेटर बघ, हुड फाटलं असेल तर शिवून घे. मीटरचं सील पण बघतात. (सोलापुरात मीटर टाकून कोण चालवतंय हे विचारू नका, सील बघतात एवढं खरं.) उशिराचे रोज ५० रुपये म्हणून एजंट घाबरवेल. त्यावरून २०२४ ला राज्यभर रिक्षावाले रस्त्यावर उतरले होते आणि त्याच वर्षी सरकारनं वसुलीला स्थगिती दिली. आजचा आकडा खिडकीवर विचार, एजंटला नको.

राहिला बॅज. ते वकील मंडळींनी सांगावं.

सातरस्ता_वकील

जुना_बॅजवाला यांनी निम्मी फी बुडवली माझी.

३२३ आणि ५०४ दोन्ही तडजोडीनं मिटणारे गुन्हे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० (८) प्रमाणे तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटकेसारखाच होतो. नव्या संहितेतही ती तरतूद आहे, कलम ३५९. पोलिसांच्या नोंदीत केस 'दाखल' दिसते कारण निकाल तिथं चढलेला नसतो. कोर्टाच्या नक्कल विभागातून त्या आदेशाची प्रमाणित प्रत काढा. ती जोडून पोलीस ठाण्यात नोंद दुरुस्तीचा अर्ज द्या, पोच घ्या, आणि मग पडताळणी पुन्हा टाका. झेरॉक्स चालणार नाही, गोल शिक्का हवा.

लेस्टरहून_सोलापुरी

मूळचा भवानी पेठेतला, इथं टॅक्सी चालवतो. तुमचा एजंट इंग्लंडमध्ये असता तर त्याचं 'नगरसेवक' बरोबर निघालं असतं. लंडन सोडलं तर इथं टॅक्सीचं लायसन्स कौन्सिल (इथली महापालिका) देतं, १९७६ च्या कायद्यानं. वादाची प्रकरणं बऱ्याच ठिकाणी निवडून आलेल्या सभासदांच्या समितीपुढं जातात. चालक 'फिट अँड प्रॉपर', म्हणजे लायक, आहे का, हा प्रश्न. पण ओळख लावायला गेलात तर उलटं होईल.

आणि इथं कडक आहे हो. हिंसेच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर ती भोगून संपल्यावर दहा वर्षं लायसन्स नको, असं २०२० च्या सरकारी मार्गदर्शनात आहे. निर्दोष सुटलात तरी समिती त्या प्रकरणाकडं बघू शकते. घर कसं चालणार हे सांगून उपयोग नसतो, कोर्टानंच म्हटलंय की प्रश्न प्रवाशाच्या सुरक्षिततेचा आहे, चालकाच्या पोटाचा नाही. नाकारलं तर २१ दिवसांत मॅजिस्ट्रेटकडं अपील. माझ्या ओळखीचा एक जण फोनवर बोलताना सापडला, पुढच्या नूतनीकरणाला समितीनं त्याला दोन प्रश्न विचारले, तो तासभर घाम पुसत होता.

जुना_बॅजवाला

पोटाचा नाही म्हणे. बसवा एकदा त्या समितीला आमच्या स्टँडवर मे महिन्यात दुपारी दोनला.

पण प्रवाशाचं म्हणणं खोटं नाही. माझी नात रोज रिक्षानं शाळेला जाते, मी पण त्या रिक्षावाल्या पोराचा बॅज बघितल्याशिवाय तिला बसवली नाही. पडताळणी असावीच. फक्त मिटलेली केस मिटलेली दिसावी.

पूर्वभागातला

सगळ्यांचे आभार. किल्ली आईकडं दिली. लोकअदालतीचा कागद घरात सापडला, पण शिक्का अर्धाच उमटलाय. नक्कल काढायला केस नंबर लागतो का? कागदावरचा नंबर वाचता येईना.

सातरस्ता_वकील

लागतो, पण ई-कोर्टच्या साइटवर पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकून शोधता येतो. तुमच्या नावानं नाही सापडला तर तक्रारदाराच्या नावानं बघा. स्पेलिंग दोन-तीन तऱ्हेनं टाका.

जुना_बॅजवाला

आणि परवान्याचा अर्ज नकलेसाठी थांबवू नको. तो आईचा आहे. सोमवारी विजापूर रोडला आरटीओत जा, मृत्यूचा दाखला मूळ आणि दोन प्रती घेऊन. आईला सोबत ने, सही तिची लागते.